पोटासाठीं प्रवास

प्रवासाविषयीं आपल्याकडे आजवर जें बोललें आणि लिहिलें गेलें, तें बहुतेक तीर्थयात्रेविषयीं, देशाटनाविषयीं किंवा थंड हवेच्या ठिकाणीं घालविलेल्या सुटीविषयीं. मला आज ज्या प्रवासाविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत असें रमणीय कांहीं नाहीं. तो पोटासाठीं करावा लागणारा प्रवास आहे. औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधि, यंत्रें दुरुस्त करणारा इंजिनियर, शाखाशाखांतून हिशेब तपासणारा अधिकारी, माल डोळ्यांनीं पाहून सौदा करणारा व्यापारी, अशा माणसांना महिन्यांतले दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर काढावे लागतात. खिडकीबाहेरचा डोंगर आणि नदी यांच्याकडे पाहण्याइतकी उसंत त्यांना नसते. त्यांच्या दृष्टीनें आगगाडी म्हणजे कचेरीकडे जाणारा एक लांबलचक जिना.

पोटासाठीं भ्रमंती ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील, वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि सत्तावन्नच्या धामधुमींत सांपडले. त्यांची हकीकत ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं प्रसिद्ध झाली. दक्षिणेच्या आशेनें निघालेला हा भिक्षुक एका अर्थानें धंद्याच्या प्रवासालाच निघाला होता. पण तसा प्रवास त्या काळीं आयुष्यांत एकदां घडे. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झालेल्या मुंबई-ठाणें आगगाडीचे रूळ देशभर पसरले, १ जून १९३० रोजीं पुणें-मुंबई ‘डेक्कन क्वीन’ धांवूं लागली, २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्णपणें खुला झाला. अंतर आटलें, पण प्रवास मात्र वाढला. सकाळीं जाऊन रात्रीं परत येतां येतें, म्हणूनच तसें जावें लागतें! वाहनांचा वेग वाढला तरी माणसाचें शरीर तेंच राहिलें आहे. त्याला तीच झोंप, तेंच पाणी, तेंच चालणें हवें असतें. वारंवार प्रवास करणाऱ्याच्या साऱ्या दुःखांचें मूळ येथें आहे.

आपण विचाराल, ‘मास्तर, आपला प्रवास तो केवढा? परीक्षेच्या केंद्रावर जावें आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन परत यावें. आपणांस या विषयांत काय कळतें?’ प्रश्न रास्त आहे. मला या विषयांत लक्ष घालावें लागलें, तें एका प्रसंगामुळें. तो प्रथम सांगतों.

माझा मुलगा साखर कारखान्यांना लागणाऱ्या पंपांच्या कामावर आहे. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला कीं त्याचा मुक्काम घरीं कमी आणि बाहेर जास्त. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका हंगामांत तो लागोपाठ तीन रात्री प्रवास करून नांदेडहून रात्रीच्या बसनें पुण्यास परतला. जागा मागच्या रांगेंत, खिडकीशीं. पाय लांब करण्यास वाव नाहीं. वाटेंत उतरावें लागूं नये म्हणून त्यानें संध्याकाळपासून पाणी जवळजवळ घेतलेंच नव्हतें. शेजारच्या गृहस्थाची झोंप मोडूं नये म्हणून तो रात्रभर एकदांहि उठला नाहीं. सकाळीं घरीं आला तो डावा पाय ओढीत. पोटरी दुखत होती, हाताला ऊन लागत होती. म्हणाला, ‘बाबा, पायांत गोळा आला असावा. जरा तेल चोळून द्याल का?’

मीं वाटींत तेल कोमट करून आणलें आणि त्याच्या पायाशीं बसलों. इतक्यांत सूनबाई आंतून आली. तिनें एक सुतळी घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला आणि म्हणाली, ‘बाबा, एकच पाय सुजला आहे. आधीं डॉक्टरांना दाखवूं या; चोळावयाचें तें मग पाहूं.’

डॉक्टरांनीं तपासणी केली. पोटरीच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी झाली होती. तेल चोळलें होतें का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाहीं म्हटल्यावर ते म्हणाले, ‘बरें झालें. चोळल्यानें ती गुठळी सुटून फुप्फुसांत जाऊं शकली असती.’ फुप्फुसांत गेली असती तर काय झालें असतें, हें मीं विचारलें नाहीं आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं. मुलगा औषधोपचारानें बरा झाला. रक्ताची गुठळी होऊं न देणारीं औषधें मात्र कित्येक महिने घ्यावीं लागलीं. त्या वाटींतलें तेल मीं त्याच दिवशीं ओतून टाकलें. आजहि ती वाटी हातीं आली कीं मन चरकतें. अज्ञानानें केलेली सेवासुद्धां घात करूं शकते, हें साठी उलटल्यावर मला कळलें.

‘ही नोकरी सोड,’ असें म्हणणें सोपें होतें. पण घराचे हप्ते माझ्या निवृत्तिवेतनांतून फिटणारे नव्हते, आणि मुलाला आपल्या कामाची आवडहि होती. मग मास्तराला जी एकच विद्या येते तिचा आश्रय मीं केला. ती विद्या म्हणजे चुकांची वही ठेवणें. मुलगा प्रत्येक प्रवासाहून आला कीं आम्ही अर्धा तास बसत असूं. काय विसरलें, झोंप किती लागली, काय खाल्लें, कोठें अडलें, तें सारें मी टिपून घेई. वर्षाअखेरीस ती वही उलटून पाहिली तेव्हां दिसून आलें कीं मोठी संकटें तीन-चारच होतीं. बाकीचा त्रास लहानसहान, पण तोच तोच! जो विद्यार्थी वर्षभर तीच चूक करतो त्याला बुद्धि नसते असें नाहीं; त्याला कोणी पद्धति घालून दिलेली नसते. प्रवाशाचेंहि तसेंच आहे. त्या वहीच्या आधारानें आज चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट सामानाची. आमचे चिरंजीव चार दिवसांच्या दौऱ्यावर निघाले कीं अकरा किलोंची पेटी भरीत. एकदां ते परत आल्यावर मीं एक प्रयोग केला. पेटींतल्या ज्या वस्तूंना चार दिवसांत हातहि लागला नव्हता, त्या बाजूला काढून वजन केलें. तें साडेचार किलो भरलें! ‘लागलें तर असावें’ या एका वाक्यानें माणसाचा खांदा मोडतो. आतां त्याचा नियम असा आहे: सदरे तीन, एक अंगावर, एक घडीचा आणि एक वाळत असलेला. जाड टॉवेलाऐवजीं पंचा, कारण तो तासाभरांत वाळतो. एक वीतभर साबण, चार चिमटे आणि हातभर दोरी एवढ्यावर धुण्याचा प्रश्न सुटतो. देशांतल्या विमानांत हातांतल्या पिशवीस बहुधा ७ किलोंची मर्यादा असते. आम्ही तीच मर्यादा आगगाडीलाहि लावून घेतली आहे.

याहून महत्त्वाची युक्ति अशी कीं प्रवासाची पिशवी कधींहि पूर्ण रिकामी करूं नये. दाढीचें सामान, दांत घासण्याचा ब्रश, कंगवा, सुईदोरा, लहान कुलूप, औषधांची डबी आणि मोबाइल भारित करण्याची तार, यांचा एक वेगळा संच कायमचा पिशवींतच राहूं द्यावा. घरांतली वस्तु उचलून पिशवींत टाकावयाची म्हटली कीं ती कधींतरी विसरणारच. पिशवीच्या झांकणास आंतून एक यादी चिकटवावी आणि निघतांना, तसेंच लॉजची खोली सोडतांना, ती मोठ्यानें वाचावी. प्रत्येक वस्तूला एकच खिसा नेमून द्यावा. आमच्या चिरंजीवांनीं एकदां तिकिटासाठीं सात खिसे चाचपले आणि तिकीट आठव्यांत निघालें. तोंवर कपाळावर घाम आला होता. प्रवासाचा शीण म्हणतात तो पुष्कळदां असा खिसे चाचपण्याचा शीण असतो.

औषधांविषयीं एक सूचना. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांवरील गोळ्या मोठ्या पेटींत ठेवूं नयेत. त्या अंगाजवळच्या पिशवींत असाव्यात, ठरलेल्या दिवसांहून दोन दिवसांच्या जास्त असाव्यात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत सोबत असावी. गाडी उशिरा पोहोंचते. आजार मात्र वेळेवर येतो.

दुसरी गोष्ट जागेची. रेल्वेचें आगाऊ आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आणली गेली आहे. ज्याचा दौरा दर महिन्यास ठरलेला आहे त्यानें दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी आणि मुदत उघडतांच तिकीट काढावें. ऐन वेळीं ‘तत्काळ’ तिकिटासाठीं आदल्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां वातानुकूलित डब्यांची आणि अकरा वाजतां इतर डब्यांची धांवपळ करण्यांत जी शक्ति खर्च होते, ती वांचविलेली बरी.

जागेचा क्रमांक पाहून ती वरची कीं खालची हें सांगण्याचें एक सोपें गणित आहे, तें मला फार आवडतें. नेहमीच्या शयनयानांत आणि तीन थरांच्या वातानुकूलित डब्यांत आठआठ जागांचा एक गट असतो. आपल्या क्रमांकाला आठानें भागावें. बाकी एक किंवा चार उरली तर जागा खालची. दोन किंवा पांच उरली तर मधली. तीन किंवा सहा उरली तर वरची. सात उरली तर वाटेच्या कडेची खालची. आणि कांहींच न उरलें तर कडेची वरची. उदाहरणार्थ, त्रेचाळीस. आठ पंचे चाळीस, बाकी तीन. म्हणजे वरची जागा. बावन्न म्हटले तर आठ सक अठ्ठेचाळीस, बाकी चार, म्हणजे खालची. दोन थरांच्या वातानुकूलित डब्यांत आठाऐवजीं सहानें भागावें लागतें. तेथें एक आणि तीन खालच्या, दोन आणि चार वरच्या, पांच कडेची खालची आणि शून्य कडेची वरची.

यांतून निवड कशी करावी? ज्याला सकाळीं कामावर ताजेतवानें उभें राहावयाचें आहे त्यानें वरची जागा मागावी. मधली फळी रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतच उघडून ठेवण्याचा नियम आहे. तिच्यावरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांच्या वेळांना बांधलेले असतात. वरच्यास हें बंधन नाहीं. नऊ वाजतां झोंपला तरी कोणी हटकणार नाहीं. डब्याच्या दोन्ही टोकांस दारांची उघडझांप आणि शौचकूपाकडे जाणारी वर्दळ असते, म्हणून क्रमांक साधारण मधला असावा. वयस्क माणसानें आणि ज्यास रात्रीं वारंवार उठावें लागतें त्यानें मात्र खालचीच जागा पाहावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शरीराची. पोटरींतल्या गुठळीविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला असतां या गुठळीचा धोका सुमारें दुप्पट होतो, असें त्यांत आढळलें. विमान असो, आगगाडी असो, बस असो कीं मोटार असो, दोष वाहनाचा नसून निश्चल बसण्याचा आहे. निरोगी माणसांत अशा सुमारें ६००० प्रवाशांपैकीं एकास हा विकार होतो, तेव्हां भिऊन जाण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं एका प्रवासानें वाढलेला धोका लगेच ओसरत नाहीं, तो सुमारें चार आठवडे टिकतो. आणि थोड्या दिवसांत अनेक प्रवास घडले तर तो आणखी वाढतो. ही ओळ मीं वाचली तेव्हां मला त्या लागोपाठच्या तीन रात्री आठवल्या.

उपाय साधे आहेत. तासा-दीड तासानें उठून दहा पावलें चालावें. बसमध्यें उठतां येत नसेल तर टांचा टेकून चवडे वर करावे, मग चवडे टेकून टांचा वर कराव्या, असें वीस वेळां करावें. पोटरीचा स्नायु दाबला गेला कीं रक्त वर ढकललें जातें. पायांशीं पिशवी ठेवून पायांची जागा अडवूं नये. पाणी नियमितपणें प्यावें. ‘वाटेंत उतरावें लागेल’ म्हणून तहान मारणें ही आपल्याकडची फार जुनी आणि फार वाईट संवय आहे. स्त्रियांना तर स्वच्छ शौचकूप नसल्यामुळें ती नाइलाजानें लागते. बस कोठें थांबते हें आधीं विचारून ठेवलें तर तहान मारण्याचें कारण उरत नाहीं. शेजाऱ्यास उठवावयास संकोच वाटत असेल तर वाटेकडेची जागाच मागून घ्यावी. ज्यांस पूर्वीं गुठळी झाली आहे, ज्यांची नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनीं लांबच्या प्रवासापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पायांत घालावयाचे घट्ट मोजेहि त्यांच्याच सल्ल्यानें घ्यावे. आणि एकच पाय सुजला, दुखूं लागला, ऊन लागूं लागला, तर तेलाची वाटी हातीं घेऊं नका. त्याबरोबर दम लागत असेल किंवा छातींत दुखत असेल तर एक क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठा.

विमानाविषयीं थोडक्यांत. विमान कितीहि उंच गेलें तरी आंतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका राखलेला असतो आणि ती हवा फार कोरडी असते. म्हणून घसा सुकतो, पाणी अधिक लागतें. उतरतांना कानांत दडे बसतात, तेव्हां आवंढा गिळावा किंवा कांहीं चघळावें. मोबाइल भारित करण्याची बॅटरी, जीस पॉवर बँक म्हणतात, ती तळघरांत जाणाऱ्या पेटींत ठेवण्यास मनाई आहे. ती हातांतल्या पिशवींतच असावी. परदेशीं जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं पश्चिमेकडे जाण्यापेक्षां पूर्वेकडे जातांना झोंपेचें घड्याळ जुळावयास अधिक दिवस लागतात. त्या दिवसांत महत्त्वाचे करार सकाळच्या पहिल्या बैठकींत करूं नयेत.

आतां खाण्याविषयीं. या बाबतींत आपल्या आज्या-पणज्या आपल्याहून शहाण्या होत्या. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा लसणीची कोरडी चटणी, मेतकूट, सातूचें पीठ आणि गूळ, हा सारा शिदोरीचा जिन्नस अनुभवानें ठरलेला आहे. दशमी मऊ राहते आणि तिच्याबरोबर रसभाजी लागत नाहीं. सातूचें पीठ आधींच भाजलेलें असल्यामुळें दूध किंवा पाणी घातलें कीं जेवण तयार. ओल्या नारळाची चटणी मात्र प्रवासांत कोणी देत नसे, कारण ती लौकर आंबते. आमच्या वहींत पोट बिघडल्याच्या नऊ नोंदी होत्या. त्यांपैकीं सात चिरलेल्या फळांच्या, कोशिंबिरीच्या किंवा उघड्यावरच्या पाण्याच्या होत्या. तेव्हांपासून नियम असा: स्वतःच्या हातानें सोलतां येईल तें फळ खावें, म्हणजे केळें, संत्रें, मोसंबें, आणि शिजविलेलें अन्न वाफाळत असेल तरच घ्यावें. रात्रीचें जेवण आठच्या आंत आणि पोटास किंचित् जागा ठेवून. तरीहि जुलाब झालेच तर क्षारसंजीवनीची पुडी पाण्यांत घालून घ्यावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें प्यावें.

मुक्कामाच्या जागेविषयीं मी वारकऱ्यांचा दाखला देईन. आळंदीहून पंढरीस जाणारी ज्ञानोबारायांची पालखी पाहा. पुणें, सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद, तरडगांव, फलटण असे तिचे मुक्काम ठरलेले असतात. आज रात्रीं कोठें उतरावयाचें, ही चिंता वारकऱ्यास नसते, म्हणून त्याचें चित्त नामांत राहूं शकतें. धंद्याच्या प्रवाशानेंहि प्रत्येक गांवीं एक उतरण्याची जागा ठरवून टाकावी आणि दर वेळीं तेथेंच जावें. दर वेळीं नवी, थोडी स्वस्त जागा शोधण्यांत जे पैसे वांचतात त्यांहून अधिक झोंप खर्च होते. ओळखीचा व्यवस्थापक खोली देतो ती जिन्याच्या, उद्वाहनाच्या किंवा स्वयंपाकघराच्या शेजारची देत नाहीं, आणि पहांटे निघावयाचें असेल तर चहा करून देतो. खोलींत शिरल्यावर प्रथम दाराची कडी नीट लागते का पाहावें. मग जिन्यापर्यंत किती दारें आहेत तीं मोजावीं. आग लागली तर धुरांत डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला दारें मोजतां येतात. पडद्याच्या फटींतून रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर येत असेल तर तेच कपड्यांचे चिमटे पडद्याला लावावे.

आणि झोंपण्यापूर्वीं दहा मिनिटें हिशेब. त्या दिवसाचीं सारीं बिलें एका पाकिटांत घालावीं आणि पाकिटावर गांव व तारीख लिहावी. हल्लीं यंत्रांतून निघणाऱ्या पुष्कळ पावत्यांवरचीं अक्षरें कांहीं आठवड्यांत पुसट होतात, म्हणून त्यांचा फोटो त्याच रात्रीं काढून ठेवावा. महिनाअखेरीस कचेरींत खर्चाचे पैसे मागतांना ‘आठवत नाहीं’ असें म्हणणें म्हणजे आपल्या खिशांतून कंपनीचा प्रवास करणें होय.

चौथी गोष्ट घराची. तिच्याविषयीं बोलतांना मला थोडें जपून बोलावें लागेल. वहींत पहिल्या तीन-चार महिन्यांच्या नोंदींत घराचा उल्लेख नाहीं. मग एके दिवशीं मुलगा म्हणाला, ‘बाबा, एक लिहाल का? परत आलों कीं घरांत माझी जागा कोठें आहे तेंच समजत नाहीं. सारें माझ्यावांचून सुरळीत चाललेलें असतें.’ मी लिहिण्याचा थांबलों. सूनबाई पलीकडे तांदूळ निवडीत होती. ती मान वर न करतां म्हणाली, ‘सुरळीत चालतें, कारण मी चालवितें. तें दिसत नाहीं, इतकेंच.’

दोघांचेंहि खरें होतें. जाणारा माणूस समजतो कीं कष्ट प्रवासांतच आहेत. राहणारी समजते कीं कष्ट घरींच आहेत. त्या दिवशीं आम्ही तीन नियम ठरविले. पहिला: निघण्यापूर्वीं दौऱ्याचा कागद, म्हणजे गाडी, मुक्काम आणि तेथील दूरध्वनि, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावयाचा. ‘पोहोंचलास का?’ असे चार दूरध्वनि त्यामुळें वांचतात. दुसरा: रात्रीं आठाला एकच बोलणें, पण तें न चुकतां. माझी नात नऊ वर्षांची आहे. त्यांनीं गोष्टींच्या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आणल्या. एक घरीं, एक पिशवींत. रोज एक पान ती वाचते, एक पान तो वाचतो. सात किलोंच्या मर्यादेंत त्या पुस्तकाचें वजन बसवावें म्हणून त्यानें एक सदरा कमी केला, हें मला सूनबाईनें मागाहून सांगितलें. तिसरा नियम: परत आल्याच्या रात्रीं पाहुणे नाहींत, कचेरीचें काम नाहीं, पिशवी त्यानें स्वतः रिकामी करावयाची, मळके कपडे स्वतः भिजवावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं मुलीला शाळेंत त्यानें पोहोंचवावयाचें. घरांतली जागा मागून मिळत नाहीं. ती काम करून पुन्हां घ्यावी लागते.

शेवटीं एक शब्द मालकांसाठीं आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीं. सर्वांत सुखाचा प्रवास कोणता, असें मला कोणी विचारलें तर मी सांगेन, जो करावाच लागला नाहीं तो! दुखण्यांतून उठल्यावर मुलानें आपल्या वरिष्ठांपुढें वर्षभरांतल्या दौऱ्यांचा तक्ता ठेवला. त्यांत दोन रकाने होते: जेथें यंत्र हातानें तपासावें लागलें तें काम, आणि जेथें केवळ कागद पाहून बोलणें झालें तें काम. दुसऱ्या रकान्यांतील बहुतेक बोलणीं घरबसल्या दृक्‌श्राव्य यंत्रावरून होण्यासारखीं होतीं. वरिष्ठांनीं तें मान्य केलें. महिन्याला चौदा रात्री बाहेर जात, त्या नवावर आल्या; आणि दोन रात्रींचे प्रवास लागोपाठ ठेवावयाचे नाहींत असेंहि ठरलें. पंप पूर्वींइतकेच विकले जातात. ज्यांच्या हाताखालीं माणसें अशीं फिरत असतील त्यांनीं असा तक्ता आपणहून मागवावा. सांगण्याचें धैर्य प्रत्येकास होत नाहीं, आणि आमच्या घरीं तें झालें तें दुखणें आल्यावर झालें.

श्रोतेहो, मीं सांगितलेल्या गोष्टींत एकहि महागडी नाहीं: एक यादी, तीन सदरे, आठाचा पाढा, टांचांचा व्यायाम, दशम्या, ओळखीची खोली, गोष्टींच्या पुस्तकाची दुसरी प्रत. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं उद्यां पहांटे कोणीतरी निघावयाचें असेल आणि या वेळीं त्याची पेटी भरणें चाललें असेल. त्याला एवढेंच सांगा कीं बाटलींतलें पाणी गाडींतच संपव, भरलेली परत आणूं नकोस. आमच्या घरीं निघतांना आतां हेंच सांगतात. पूर्वीं आम्ही ‘संभाळून जा’ म्हणत असूं. पण संभाळावयाचें म्हणजे काय करावयाचें, हें आम्हांलाच ठाऊक नव्हतें.